इक्बालच्या गाडीचा विमा

आमच्या इक्बालने दुबईहून परतल्यावर वाऱ्यासारखी पळणारी जर्मन गाडी घेतली, जुनी का होईना. तिचा विमा संपला आणि एजंटने नवा आकडा सांगितला, तेव्हा तो हादरलाच. "एवढ्यात साधी गाडी येते! बघू नंतर," म्हणाला आणि रोह्यात घरापुढे ती झाकून ठेवली.

अशातच एका दुपारी त्याच्या बायकोला, नसरीनला, कळा सुरू झाल्या. दुसरी गाडी मिळेना आणि गाठायचं होतं पेणचं हॉस्पिटल. मी इक्बालशेजारी बसलो. पठ्ठ्या बैलगाडी हाकावी तशी ती चालवत होता. वाटेत गडब गावाजवळ एसटीसुद्धा आम्हाला मागे टाकून गेली.

"अवो, जोरात चालवा ना!" नसरीन मागून ओरडली.

"विमा नाय गो! कुठं ठोकली तर?"

"आन् मला काय झालं तर?"

मग इक्बालने गाडी अशी सोडली की पेण कधी आलं ते कळलंच नाही.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. इक्बालने बाहेर येऊन पहिला फोन एजंटला लावला.

"विमा आत्ताच्या आत्ता कर. सांगशील तेवढे देतो."

"आज कसे काय तयार झालात?"

"मुलीला घेऊन घरी जायचं हाय."