दिवा बंद असेपर्यंत

नाव व पत्ता स्वतंत्र कागदावर घेतला आहे. वय ४४ वर्षे. धंदा नोकरी, धुलाईघरांना वाफेची यंत्रे पुरवणाऱ्या कंपनीत खरेदी अधिकारी.

मी स्वतः पोलीस ठाण्यात येऊन, विचारल्यावरून समक्ष सांगते की, वरील कंपनीत मी एकोणीस वर्षे नोकरीस आहे. आमची यंत्रे परदेशातून येतात. प्रत्येक यंत्रासोबतची माहितीपुस्तिका आपल्या भाषेत करून द्यावी लागते. हे भाषांतर कोणाकडून घ्यायचे ते ठरवणे माझ्याकडे आहे.

पहिली सोळा वर्षे हे काम एकच गृहस्थ करीत. आज त्यांचे वय सदुसष्ट आहे. मी त्यांना काका म्हणते, नात्याने ते माझे कोणी लागत नाहीत. ऑफिसात त्यांना 'स्वल्पविराम' म्हणत, कारण छापून आलेली सगळी पत्रके त्यांनी एकदा एका स्वल्पविरामापायी परत पाठवली होती. मी नवीन असताना पुस्तिका तपासायला त्यांनीच शिकवले. यंत्रापुढे उभे राहून ओळीवर बोट ठेवायचे आणि वाचू तसे करून पाहायचे, अशी त्यांची पद्धत. त्यात वेळ जाई.

तीन वर्षांपूर्वी कंपनीने एका संस्थेकडून भाषांतर घेण्यास सुरुवात केली. ही संस्था कृत्रिम बुद्धिमत्तेकडून भाषांतर करून देते. महिन्याचे काम दुपारपर्यंत हातात येऊ लागले. काकांना फोन मीच केला. "काका, सध्या काम थोडं कमी झालंय," असे मी म्हणाले. ते म्हणाले, "थोडं कमी म्हणजे किती गं?" मी म्हणाले, "बघते आणि कळवते." मी कळवले नाही.

गेल्या वर्षी नवा नियम लागू झाला. सुरक्षेच्या कागदांचे भाषांतर कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेले असेल, तर जाणकार माणसाने ते मुळाशी ताडून पाहावे, नावानिशी सही करावी, आणि तपासणीला किती तास लागले याची नोंद विकत घेणाऱ्या कंपनीने ठेवावी, असा तो नियम आहे. सही नसेल तर यंत्र गोदामाबाहेर काढता येत नाही. नियम वाचून मला बरे वाटले होते, हेही लिहावे.

परंतु सही करणारी माणसे मिळेनात. संस्थेकडे दोन महिन्यांची रांग होती. पूर्वी इतर कंपन्यांसाठी असे भाषांतर करणाऱ्यांपैकी एक बाई शिवणकाम करू लागल्या होत्या, एक जण गाव सोडून मुलीकडे गेले होते. आमची सहा यंत्रे अडकली. साहेब म्हणाले, "तुमचे ते स्वल्पविराम कुठे असतात हल्ली?"

मी काकांना फोन केला. ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊ वाजता ऑफिसात आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. पिशवीत दोन शब्दकोश आणि पेन्सिली होत्या. एका डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. शिपायाने त्यांना ओळखले आणि चहा आणून दिला. ते मला म्हणाले, "बघ, शेवटी माणूस लागलाच की नाही?" ते खूप खुशीत होते.

पुस्तिका दोनशे बारा पानांची होती. काकांनी चार आठवडे मागितले. मी दोन दिवस दिले. त्यांनी यंत्र पाहायला मागितले. यंत्रे गोदामात बांधलेली असल्याने मी नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता मी त्यांच्या टेबलापाशी गेले. त्या वेळी ते सत्तेचाळिसाव्या पानावर होते. त्यावेळचे बोलणे मला आठवते तसे सांगते.

मी म्हणाले, "काका, सही तेवढी करून द्या."

ते म्हणाले, "अगं, पुढचं पाहिलंच नाही मी."

"मशीनचं भाषांतर हल्ली चांगलं असतं. तुम्हीच म्हणालात ना सकाळी, वाचायला गोड आहे म्हणून?"

"गोड आहे, तेच तर. कुठे अडखळायला होत नाही. अडखळलं की माणूस थांबतो आणि मुळात बघतो."

"उरलेलं सावकाश पाहा, काही निघालं तर दुरुस्तीचा कागद पाठवू. पण आज सही नाही झाली तर मला उद्या तोंड दाखवता येणार नाही."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "तू म्हणतेस म्हणून करतो हो." त्यांनी सही केली. तासांचा रकाना त्यांनी कोरा ठेवला. तेथे 'एकशे साठ' हा आकडा मी लिहिला. प्रत्यक्षात ते साधारण चौदा तास बसले होते. उरलेली पाने त्यांना द्यायची माझ्याकडून राहून गेली. त्यांचे दोनदा फोन आले. मी मीटिंगमध्ये होते.

त्यातील एक यंत्र ज्या धुलाईघरात गेले तेथे या प्रकरणातील मयत महिला कामास होती. तिचे वय एकतीस होते. तिला कामावर लागून आठ दिवस झाले होते. तिला चांगले वाचता येते म्हणून मुकादमाने पुस्तिका तिच्याकडे दिली आणि यंत्र तिच्याच हाती सोपवले. या बनावटीच्या दाराला आपोआप लागणारी कडी नाही, सगळी भिस्त तांबड्या दिव्यावर आहे. आत वाफ असेतो दिवा लागलेला असतो. मूळ पुस्तिकेत आहे ते असे की, दिवा बंद होईपर्यंत दार उघडू नये. आमच्या पुस्तिकेत एकशे एकतिसाव्या पानावर छापले आहे की, दिवा बंद असेपर्यंत दार उघडू नये. म्हणजे उलट झाले. तिने दिवा लागायची वाट पाहिली आणि मग दार उघडले.

ती इस्पितळात अकरा दिवस होती. मी सातव्या दिवशी गेले होते, कंपनीने पाठवले म्हणून नव्हे. आत सोडले नाही. बाहेर बाकावर तिची थोरली बहीण बसली होती, तीही त्याच धुलाईघरात कामाला आहे. मी कोण ते सांगितले. ती माझ्यावर ओरडली नाही. म्हणाली, "दुसऱ्या यंत्रावर आम्ही सगळ्याजणी दाराला हात लावून बघतो, गरम लागलं की थांबतो. ही म्हणायची, असं अंदाजानं नाही करायचं ताई, लिहिलंय तसं करायचं. आम्ही कधी वाचलं नाही, म्हणून वाचलो बघा." मी तेथे अर्धा तास बसले. निघताना तिने मला विचारले की, तुम्ही जेवलात का.

त्यानंतर कंपनीत बैठक झाली. साहेब म्हणाले, "कागद चोख आहेत. नियमाप्रमाणे सही आहे, तासांची नोंद आहे. आपण विकत घेणारे, तपासणारा तो. तुम्ही एवढंच सांगायचं." वकीलही हजर होते. मी त्या वेळी होय म्हणाले. तशा मजकुराच्या कागदावर मी सहीही दिली आहे. तो कागद खोटा आहे.

काका परवा आपण होऊन या ठाण्यात आले आणि चूक माझी म्हणून सांगून गेले, हे मला त्यांच्या सुनेकडून समजले. काल दुपारी मी त्यांच्या घरी गेले. टेबलावर आमची पुस्तिका होती. ती त्यांनी धुलाईघरातून मागून आणली होती. दोनशे बाराही पाने पेन्सिलीने तपासून झाली होती. आणखी नऊ चुका सापडल्या होत्या. ते म्हणाले, "बाकीच्या पाच ठिकाणी ही गेली आहे गं. आजच्या आज कळव." मी म्हणाले, "काका, तुम्ही ठाण्यात असं का सांगितलंत?" ते म्हणाले, "सही माझी आहे. नाही म्हणता येत होतं मला. तीन वर्षांनी कुणी हाक मारली, म्हणून नाही म्हणालो नाही." मग ते आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी तेथूनच पाचही धुलाईघरांना फोन केले. यंत्रे बंद ठेवली आहेत. पेन्सिलीच्या खुणांची ती पुस्तिका मी आज सोबत आणून हजर केली आहे.

मला विचारण्यात आले की, हे सांगितल्याने माझ्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो, याची जाणीव आहे का. आहे. घरी पतींना सांगून आले आहे.

हा जबाब मला वाचून दाखवण्यात आला. त्यानंतर तो मी स्वतः वाचायला मागून घेतला. वाचायला वीस मिनिटे लागली. तिसऱ्या पानावर 'त्यांनी तपासून सही केली' असे लिहिले गेले होते, त्यातील 'तपासून' हा शब्द मी खोडायला लावला व तेथे सही केली. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे व खरा आहे.