दिन्याच्या शिफ्टमधली आग

चहा उकळतोय तोवर आमच्या दिन्याचं ऐका. हा मौद्याजवळच्या वीज केंद्रात बॉयलरवर असतो. शाळेपासूनचे आम्ही पाचजण दर हिवाळ्यात एक शनिवार-रविवार खाप्याजवळ कन्हानच्या काठी तंबू ठोकतो आणि गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजतो. आगीचं खातं अर्थातच दिन्याकडे.

यंदा गोवऱ्या दमट निघाल्या. तासभर नुसता धूर. आमच्यातली मंदा डोळे चोळत म्हणाली, "काहून गा दिन्या, तिकडे ढिगानं कोळसा जाळतो, अन् इथं चार गोवऱ्या पेटून नाही राहिल्या?"

दिन्या शांतपणे म्हणाला, "पेटवणारे दुसरे असतात वं. मी फक्त विझू देत नाही."

शेवटी मंदानंच पर्समधून कापूर काढून जाळ केला. मग दिन्या जो आगीजवळ बसला, तो जेवायलाही उठला नाही. रोडगे मात्र झकास झाले.

रविवारी दुपारी निघताना मी निखाऱ्यांवर ओतायला पाण्याची बादली उचलली. त्यानं माझा हात धरला.

"काहून विझवून राहिला?"

"घरी जायचं हाय गा."

"माझ्या शिफ्टमध्ये आजवर आग विझली नाही."

"मग शिफ्ट संपते कधी तुझी?"

"उद्या दुपारी."

मंदानं गुंडाळलेला तंबू पुन्हा उलगडला. आम्ही चौघांनी आपापल्या ऑफिसात ताप आल्याचं कळवलं.

दिन्यानं कोणालाच काही कळवलं नाही. त्याची सोमवारची सुट्टी आठवडाभर आधीच मंजूर झाली होती.