बारा जीबीचं खाणं

बिडकीनला टँकर अजून आला नव्हता. रांगेत सरूबाईच्या पुढं मेंढरंवाला मुंजाबा आणि त्याची लेक शीला उभे होते.

"आबा, कॉम्प्युटरला बारा जीबीचं ग्राफिक्स कार्ड घेऊ. आठवाल्यावर माझं व्हिडिओचं काम अडकतंय."

"खातं किती?"

"काय?"

"लाईट गं."

"बारावालं जास्त खातं. तापतंबी लई."

"मंग आठवालंच ऱ्हाऊ दे. दुष्काळात कमी खाणारं जित्राब ठेवावं."

"जित्राब नाय ते, आबा!"

"तापतं म्हंतीस. मंग पाणी पितं का?"

"नाय. त्याला तीन पंखे असत्यात."

सरूबाईनं गोंधळून रिकामा हंडा एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतला.

"एका कार्डाला तीन?" मुंजाबा म्हणाला. "अन् तुझी माय पुठ्ठ्यानं वारा घेती."