चार्जिंगच्या प्लगला लोकरी टोपी

— नाही हो, उलटंच झालं! मला वाटलं होतं, लोक हसतील. अमेरिकेतून शिकून आलेली पोरगी विकतेय काय, तर गाडीला टोपी! हीच ती — घ्या ना हातात. चार्जिंगचा प्लग लावला की वरून घालायची, नाडी ओढायची, झालं. ओला बर्फ आत जात नाही, प्लग गोठून बसत नाही. तुमचा आत्ता बसलाय ना, तसा. ओढू नका, तुटेल! गरम पाण्याची पिशवी टेकवलीय मी, सुटेल हळूहळू. तोवर कॉफी घ्या. लोकर आमच्या बेटावरच्याच मेंढ्यांची. भरड आहे म्हणून कुणी घेत नाही, जाळून टाकतात — जाळून! आणि इथल्या निम्म्या बायका डोळे मिटून विणतील. लोकर इथली, हात इथले, थंडी तर इथलीच — मग पोरांनी ऑस्लोला का जायचं? बरं, राहू दे. भाषण नको.

तर मागणीची चाचणी. आम्हाला शिकवलंय, गिऱ्हाइकाला ‘आवडलं का’ असं विचारायचंच नाही. तोंडावर कोण नाही म्हणतं? वस्तू हातात द्यायच्या आधी पैसे मागायचे. हात खिशात गेला तर मागणी खरी. म्हणून दुकानासमोर टेबल मांडलं आणि मनाशी ठरवलं — मनाशी कसलं, गावभर सांगत सुटले — टोप्या खपल्या तर इथेच राहीन, नाहीतर परत बॉस्टन, तिथे नोकरी तयार आहे. आणि खपल्या की! आमच्याकडे कुणी ‘बरी आहे’ म्हटलं की डोक्यावर घेतलं समजायचं, आणि इथे तर सगळं बेट ‘बरी आहे, बरी आहे’ म्हणत पैसे देतंय! आमच्या गावच्या आर्नफिननं तर तीन घेतल्या. घरी येऊन नाचले मी. आर्नफिनची गाडी डिझेलची आहे, हे मागाहून सुचलं. विचारलं तर म्हणतो, “बदलेन की कधीतरी.” आणि मी शहाणी — त्यातही मला भविष्यातली मागणी दिसली!

काल तुरीदकाकूंकडे गेले. शेजारीण आमची. त्यांच्याकडे गाडीच नाही — बर्फावर ढकलत न्यायची घसरखुर्ची आहे. हात धुवायला बाथरूममध्ये गेले, तर तिथे टॉयलेट पेपर — छतापर्यंत! तुमच्याकडेही शाळेच्या बँडला पैसे जमवायला पोरं दारोदार हाच पेपर विकत असतील ना? मग माहीतच आहे. कुणाला तो लागतो म्हणून घेतं का कुणी? बँड चालला पाहिजे म्हणून घेतात. मीसुद्धा आल्या आल्या घेतला, घरात ढीग असताना. आणि त्या थप्पीवर, अगदी वर, माझ्या दोन टोप्या. पिशवीतून काढलेल्यासुद्धा नाहीत.

बाहेर आले. म्हटलं, “काकू, टोप्या कशाला घेतल्यात?” तर वाफल माझ्या ताटात सारत म्हणाल्या, “तू राहतेयस ना? मग झालं तर. खा, गार होतंय.”

खाल्लं. काय करणार? म्हणजे मागणी होती, पण टोपीला नाही — कुणाला, ते तुम्हीच समजा. अशा मागणीचं काय करायचं, हे कुठे शिकवलं होतं आम्हाला? आज सकाळी उठले आणि ठरवलं. सगळ्यांचे पैसे परत. आणि एकच शेवटची चाचणी, परक्या माणसावर — बोटीतून उतरलेली पहिली अनोळखी गाडी. त्या गाडीवाल्यानं आपणहून टोपी घेतली तर राहायचं, नाहीतर शुक्रवारची बोट. तुरीदकाकू दारातला बर्फ लोटत होत्या, त्यांनाही कुंपणावरून ओरडून सांगितलं. “बरं,” म्हणाल्या. एवढंच.

तो परका माणूस म्हणजे तुम्ही. हे सांगायचं नव्हतं, चाचणी बिघडते. पण बोलून बसले. आणि आता बोलतेच आहे तर — मला जायचं नाहीये हो. मुळीच जायचं नाहीये.

काय? दोन? खरंच? तुमच्याकडे दुसरी गाडी — थांबा. काय म्हणालात आत्ता? ‘दोन दे, सुन्नीवा’?

मी नाव कुठे सांगितलं तुम्हाला?

कुणाचे तुम्ही? ... इकडे बघा ना. कुणाचे?

भाचे. तुरीदकाकूंचे. फोन केला असेल त्यांनी. सकाळीच.

...

ठेवा ते पाकीट आत. प्लग सुटलाय बघा तुमचा. निघा आता. आणि मावशीला म्हणावं, बाथरूममध्ये टोप्यांना अजून थोडी जागा करून ठेव.