इंग्रज अधिकाऱ्याचा बंब

तुम्ही मला संशयी म्हणता ना, मग हे ऐका. ठाण्यातल्या इंग्रजांच्या जुन्या कचेरीचं म्युझियम झालं, तेव्हा जुन्या वस्तू मागायला माणसं दारात आलेली. सासूबाईंचा तांब्याचा बंब मी दिला खरा, पण मनात पाल चुकचुकत होती. शेवटी गेलेच बघायला. बंब भिंतीला टेकवलेला आणि वर पाटी: ‘इंग्रज अधिकाऱ्याच्या स्नानगृहातील बंब’!

मी तिथल्या साहेबांना म्हटलं, “अहो, हा माझ्या सासूबाईंचा बंब!”

“आजी, जुने बंब सगळे सारखेच दिसतात. हा इथेच सापडलाय.”

“मग त्याचं तोंड भिंतीकडे का?”

“जागा कमी आहे. हात लावू नका.”

हे ऐकल्यावर माझी खात्रीच पटली. दोरी ओलांडली आणि दोन्ही हातांनी बंब फिरवला. सासूबाईंच्या लग्नात आलेलं भांडं, त्यावर नाव घातलेलं असणारच.

“वाचा. मोठ्याने.”

साहेब पुटपुटले, “चि. सौ. द्वारका हिस, मामाकडून, शहाड.”

“अगबाई! तुमच्या इंग्रजाचे मामा शहाडला राहायचे होय?”