बांधलेली बोटं

राजरत्नचा उजवा हात सही करतो, शर्टाची बटणं लावतो; ड्रमची काठी धरली, की मात्र त्याची शेवटची दोन बोटं आपोआप आत वळतात. परळच्या रुग्णालयातल्या बाकावर तो आणि त्याचे वडील शामराव माझ्या शेजारी बसले होते.

“अण्णा, हाताला काही झालेलं नाही. बिघाड मेंदूत आहे, डॉक्टर म्हणाले.”

“मी चाळीस वर्षं ढोलकी वाजवली, एक बोट वाकडं झालं नाही.”

“ढोलकीत प्रत्येक बोटाला वेगळं काम असतं. आमच्याकडे विचारतात, मिनिटाला ठोके किती.”

“तुमचा बँड म्हणजे गाणं कमी, शर्यत जास्त. किती व्हायचे?”

“नऊशे. काठी निसटू नये म्हणून दोन बोटं पट्टीनं एकत्र बांधून घ्यायचो ना, तेच नडलं. तीन वर्षं रोज सहा तास. मेंदू आता त्यांना एकच बोट समजतो.”

“पुन्हा वाजवशील ना?”

“खात्री देत नाहीत.”

“आणखी काय विचारलं?”

“पट्टी कोण बांधायचं.”

“मग?”

“मित्र, म्हटलं.”

“आत जा आणि खरं सांग. रोज मीच बांधायचो. तू सैल म्हणायचास, मी घट्ट करायचो.”