कोरड्या तलावातला साप

अहो, माझ्या एका हाकेसरशी सव्वीस बाया पाण्याबाहेर येतात, आहे का धुळ्यात दुसऱ्या कुणाची अशी पत?... येतात म्हणजे, एकदाच आल्या. आणि परत आत जायला तयार नाहीत, तीच तर बोंब आहे!

तुम्हाला सांगतो, मी उखर्डूनाना, चौथी नापास. मंडळाच्या पोहण्याच्या तलावावर पंप चालवतो, पाण्यात औषध टाकतो, आणि रिकामा वेळ मिळाला की मस्करी करतो. रिकामा वेळ पुष्कळ मिळतो! आमचे अध्यक्ष मोतीलालशेठ, एकदा त्यांच्या पानात मी मिरची घातली, त्यांनी प्रेमाने ते पान मलाच खायला लावलं... पण सवय ती सवय. माणसाने हसायचंच नाही का? माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

तर कुंदाबाई. असोद्याची. लहानपणी केळीचा खांब पोटाशी बांधून शेतातल्या विहिरीत पोहायला शिकली, आणि चौऱ्याऐंशी साली गळ्यात शिट्टी घालून शेठपुढे उभी, "बायांना पोहायला शिकवीन, तलाव द्या!" असं म्हणणारी आमच्या भागात पहिलीच. शेठ म्हणे, "बाया पोहणार? कशाला? पूर येणार आहे का?" आणि तास दिला तो कुठला, तर दुपारी दोनचा! काठाच्या फरशीवर भाकरी भाजून निघेल असलं ऊन, आणि त्या फरशीवरून बाया टुणटुण उड्या मारत पाण्यात! कुणी सासूला ब्लाउज शिवायला जाते म्हणून सांगून आलेली, कुणी केस ओले का याचं उत्तर पाठ करून आलेली. पहिल्या वर्षी तीन, त्यातली एक कुंदाबाईचीच बहीण. सात वर्षांत सव्वीस झाल्या, सव्वीस! आमची साठीची वच्छलाबाई तर अशी डुंबते की म्हैस लाजावी... हे तिला सांगू नका, तिचा चपलेचा नेम चांगला आहे.

शेठचा नियम मात्र पक्का. मे महिन्यात बाया पंधराच्या खाली आल्या की तास बंद, तलाव पुरुषांना. हे मला माहीत होतं? होतं. पण त्या दिवशी सव्वीसच्या सव्वीस पाण्यात, खिदळताहेत, एकमेकींच्या अंगावर पाणी उडवताहेत, आणि मी काठावर एकटा, मला कुणी विचारेना... जीभ खाजली हो! ओरडलो, "साप! पाण्यात साप!"

काय ती पळापळ! वच्छलाबाई बोंबलतेय, "ओ माय वं, मन्हा पायले कायतरी लागनं!" लागणारच, मागे शिडी होती. मी पोट धरधरून हसलो. हसता हसता बघतो तर कमलबाई थेट फाटकाबाहेर रस्त्यावर, ओला परकर अंगाला चिकटलेला, आणि समोर पानटपरीवर तिचा दीर उभा... माझं हसू तिथेच... जाऊ द्या. मस्करी होती हो. माझं काय चुकलं?

दुसऱ्या दिवशी आल्या चार. कमलबाईला घरातून बाहेर पडू देईनात. कुंदाबाई दारोदार फिरली, पाय भाजून घेतले, संध्याकाळी मला विचारते, "नाना, साप तुम्ही डोळ्यांनी पाहिला ना? केवढा होता?" आता काय सांगणार? म्हटलं, "होता... हातभर."

मग मीच डोकं लढवलं. रविवारी सगळं पाणी सोडून दिलं! तळच दाखवला की बायांची भीती जाईल, नाही का? तळाला निघाल्या चार बांगड्या आणि एक कवळी. साप कुठला निघतोय! मी खुशीत पंप सुरू केला, तर तो नुसता खोकतोय... तलाव भरायची विहीरच आटलेली! भर मे महिन्यात विहीर आटते हे पंपवाल्याला कळू नये? शेठ म्हणे, "आता पाऊस पडेपर्यंत तलाव कोरडा. पण नियम तो नियम. महिनाअखेर हजेरी बघणार." भलं करायला गेलो हो मी! माझं काय...

कुंदाबाई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं होतं. दुसऱ्या दिवशी दोनच्या ठोक्याला त्या चौघींना घेऊन कोरड्या तलावात उतरली, बाकड्यांवर पालथं झोपवलं, आणि शिट्टी! "हात पुढे! मान बाजूला! श्वास!" बाया हवेत पोहताहेत! बाकड्यावरूनच वच्छलाबाई मला विचारते, "आते तरी साप नई शे ना, नाना?" चाराच्या सहा झाल्या, नऊ झाल्या, अकरा झाल्या. मी रोज मोजायचो, देवाला नारळ बोललो. अकराच्या पुढे आकडा सरकेना. कमलबाई तर आलीच नाही.

एकतीस तारखेला शेठने हजेरी बघितली आणि ओलं फडकं दिलं माझ्याच हातात. फाटकावरच्या फळ्यावर कुंदाबाईच्या अक्षरात खडूने लिहिलेलं, "महिला, दुपारी दोन ते तीन." पुसलं मी.

मग खाली गेलो. ती तळाशी एकटीच बाकडी गोळा करत होती. म्हटलं, "बाई, साप नव्हता. मस्करी केली होती. चुकलं माझं." आणि टोपी काढून उभा राहिलो, एक थोबाडीत बसेल म्हणून गालही पुढे केला.

तिने बाकडं खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नाना, साप असता तर काठीने बाहेर काढला असता. तुम्हाला कशाने काढू?"